झारीची चाळणी

ती. अक्कांस,

मेहुण्याचा वाकून नमस्कार. (पाठ जेवढं वाकू देते तेवढाच. उरलेला उभ्यानं केला असं समजून घ्यावं.) तुमच्या उजव्या गुडघ्याचं कसं काय आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यावर तुम्ही जिने सोडले नाहीत, डॉक्टर सोडले, असं साडूंकडून कळलं. तुमच्या स्वभावाला धरूनच झालं. साडूंच्या घोरण्यावर नवीन उशीचा काही परिणाम झाला का, तेही कळवा. मी बरा आहे. दोन वेळा जेवतो, एक वेळ भांडी घासतो आणि दाढी एक दिवसाआड करतो. पत्रास कारण की, कारण काही नाही. रिकाम्या माणसाला हात स्वस्थ बसू देत नाहीत, म्हणून लिहायला घेतलं.

एक आधीच सांगून ठेवतो. 'न' कुठला आणि 'ण' कुठला हा माझा जन्मभराचा घोटाळा तुम्हाला ठाऊक आहे. छत्तीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले, पण 'पाणी' हा शब्द काही धड लिहिता आला नाही. तुमच्या बहिणीनं सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली आणि घरी आल्यावर माझ्या किराणाच्या यादीवरही लाल पेन्सिलीनं खुणा केल्या. (एकदा तिला मी वाढदिवसाची चिठ्ठी लिहिली होती. ती तिनं डोळ्यांत पाणी आणून वाचली आणि तीन चुका काढून परत दिली.) तिला जाऊन आठ महिने झाले. आता घरात तपासणारं कोणी नाही, तेव्हा चुका तुमच्या तुम्हीच दुरुस्त करून वाचा.

तर मी या वयात बँकेत नोकरीला लागलो, अशी बातमी नातेवाइकांत कोणी पसरवली ते मी विचारत नाही. (तुम्हीच.) ती फूड बँक आहे, अक्का. तिथं ज्यांच्या घरी चूल पेटायची पंचाईत आहे त्यांना पिशवीभर धान्य आणि भाजी मिळते. आणि मी काही त्या बँकेत नाही, तिला भाजी पुरवणाऱ्या बागेत आहे, तेही फुकट. ही तुमच्या बहिणीचीच बाग. दवाखान्यामागचं जुनं टेनिस कोर्ट कोणी खेळेना, तेव्हा आसपासच्या लोकांनी तिथं माती टाकून अठरा वाफे केले. पांढऱ्या रेघा अजून मधूनमधून दिसतात. चारी बाजूंना दोन पुरुष उंच जाळी आहे, फाटकाला कुलूप आहे, किल्ल्या तीन आहेत. पंचांची उंच खुर्चीही तशीच आहे. तिच्यावर आमच्या हेडबाई बसतात. त्या निवृत्त मुख्याध्यापिका असून बागेच्या प्रमुख आहेत. उंटावरून शेळ्या हाकणं मी आजवर फक्त ऐकलं होतं, इथं रोज पाहतो. त्यांच्या गळ्यात शिट्टी आहे.

मी मुळात गेलो होतो ते तिची किल्ली आणि कामाचे हातमोजे परत करायला. हेडबाईंनी किल्लीसाठी तीन पत्रं पाठवली होती. तिसऱ्या पत्राचा सूर असा होता की, मृत्यू हे कारण समजण्यासारखं असलं तरी किल्ली ती किल्ली. मी किल्ली पुढे केली, तर त्यांनी ती माझ्याच मुठीत दाबली, हातात खुरपं दिलं आणि म्हणाल्या, सात नंबर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सात नंबरचा वाफा तिचा. त्यात गाजरं नुकतीच उगवली होती. आता गाजराचं कोवळं रोप कसं दिसतं हे मला कुठून माहीत असणार? मला गाजर माहीत आहे ते बाजारात भेटतं तसं. वाफ्यात मला एक भरदार, टवटवीत, रुंद पानांचं झाड दिसलं आणि त्याच्या आजूबाजूला काही केसांसारखं बारीक गवत माजलेलं दिसलं. मी दोन तास घाम गाळून ते गवत मुळासकट उपटलं, रुंद पानांना पाणी घातलं, आणि पंचांच्या खुर्चीकडे अभिमानानं पाहिलं. शिट्टी वाजली. अक्का, मी गाजरं उपटून तण वाढवलं होतं.

इथपर्यंत हसलात ना? पुढचं जरा नीट वाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक मी उघडलं. सात नंबरच्या वाफ्यात एकही तण नव्हतं. मी फेकून दिलेली गाजराची रोपं कोणीतरी ढिगातून एकेक वेचून पुन्हा ओळीत लावली होती. तण बाजूला काढून ठेवलं होतं. सगळी मुळं उगवतीकडे, सगळे शेंडे मावळतीकडे, एकावर एक, काडेपेटीतल्या काड्यांसारखे. आमच्या घरातले चमचे, चपला, दोरीवरचे चिमटे, सगळी चाळीस वर्षं एकाच दिशेला तोंड करून कोणामुळे राहिली, ते तुम्हाला सांगायला नको. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. अक्का, ती म्हण अर्धवट आहे.

मी कोणाला काही बोललो नाही. मग हळूहळू लक्षात आलं की बाकीचेही बोलत नव्हते, आणि ते माझ्याही आधीपासून. बागेत अशी पद्धत आहे की शेडमध्ये अठरा खिळे आहेत, प्रत्येक खिळ्याला लाकडी बिल्ला आहे. बिल्ल्याची एक बाजू तपकिरी, म्हणजे वाफा तहानलेला. दुसरी हिरवी, म्हणजे पाणी दिलं. संध्याकाळी शेवटचा माणूस सगळे बिल्ले तपकिरी करून कुलूप लावतो. सकाळी सतरा बिल्ले तपकिरी असतात. सातवा हिरवा असतो. तिचे हातमोजे मी शेडमध्ये खुंटीला अडकवले होते, ते रोज सकाळी ओले लागतात. बाहेरून नव्हे, आतून. मी एकदा हात घालून पाहिला आणि माझी पाचावर धारण बसली. तो ओलावा गार नव्हता.

हेडबाईंना मी भीत भीत हे सांगितलं. त्या खुर्चीवरून खाली न उतरता म्हणाल्या, माहीत आहे. मग त्यांनी मला हजेरीपट दाखवला. तुमच्या बहिणीच्या नावापुढे आठ महिने रोज 'हजर' लिहिलेलं होतं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, काम झालेलं दिसतंय, मग हजेरी मांडायला नको? नियम म्हणजे नियम. (मागच्या महिन्यात सर्वांत जास्त कामाबद्दल तिला प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी स्वीकारलं. माझा स्वतःचा नंबर अठरावा आहे, आणि आम्ही अठराच जण आहोत.) बागेतल्या कोणालाही याचं फारसं काही वाटत नाही. फूड बँकेचा गाडीवाला तेवढा सात नंबरची भाजी उचलताना टोपी काढतो.

पण मी मीटरचा माणूस. माणसं खोटं बोलतात, मीटर बोलत नाही. घरी जुना एक मीटर पडला होता, तो मी बागेच्या नळाला जोडला. संध्याकाळी आकडा टिपायचा, सकाळी पुन्हा टिपायचा. पहिल्या सकाळी चाळीस लिटरचा फरक. दुसऱ्या सकाळी चाळीस. अकरा दिवस चाळीसच. बागेतली झारी दहा लिटरची आहे, आणि ती सात नंबरला चारच झाऱ्या घालायची. साडेतीन नाही, पाच नाही. बाराव्या दिवशी मला दुर्बुद्धी सुचली आणि मी मुख्य वॉल्व्ह बंद करून त्याची चावी घरी नेली. सकाळी मीटर जागचा हललेला नव्हता. रोपांनी माना टाकल्या होत्या. आणि सातवा बिल्ला तपकिरीही नव्हता, हिरवाही नव्हता. तो खिळ्यावर भिंतीशी काटकोनात, कडेवर उभा होता. वारा नव्हता. बोट लावलं तरी तो वळेना. तुमची बहीण रागावली की स्वयंपाकघराच्या दारात अशीच उभी राहायची, ना आत ना बाहेर. मी चटकन वॉल्व्ह उघडला आणि कोणाला उद्देशून ते न ठरवता, चुकलं म्हणालो. तेव्हा बिल्ला सैल झाला.

आमच्यात एक बेकरीवाला आहे. तो पहाटे भट्टीवरून घरी जाताना जाळीशी उभा राहून विडी ओढतो. त्याला मी विचारलं, तर तो सहज म्हणाला, "ऐकू येतं ना रोज. पण काका, त्यांच्या झारीला चाळणी नाही हो. पाणी नुसतं धबाधबा पडतं."

अक्का, हे ऐकून मी तिथंच पालथ्या बादलीवर बसलो. कारण ती चाळणी माझ्या खिशात होती.

आता सांगतोच. झारीच्या तोंडाला ती पितळी, भोकाभोकांची चाळणी असते ना, ती. तिच्यातून पाणी हलकं पडतं. ती नसेल तर धारेनं माती उकरली जाते, कोवळी मुळं उघडी पडतात. तिची भोकं क्षारांनी बुजली होती, म्हणून ती तिनं एका संध्याकाळी घरी आणली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडेना. ती म्हणाली, तुम्ही घेतलीत का? मी म्हणालो, मी कशाला घेऊ? ती म्हणाली, आठवून बघा. त्यावर मी म्हणालो, आठवायची गरज मला नाही, तुला आहे, हल्ली तुझ्या काही लक्षात राहत नाही. हे मी चहा पिता पिता, पेपरातून मान वर न करता म्हणालो. तिनं बागेची किल्ली उचलली. मग म्हणाली, "बरं. जाते मी." आणि बागेत गेली. काम केलं. निघताना रोजच्यासारखी वाफ्याकडे वळून "येते हं" म्हणाली, हे हेडबाईंनी स्वतः ऐकलं. बाग ते घर रस्ता दहा मिनिटांचा. ती घरी पोचली नाही. वाटेत पोस्टाच्या पायरीवर टेकली आणि तिथंच गेली. तीन आठवड्यांनी मी पक्कड शोधत होतो. चाळणी माझ्या हत्यारांच्या पेटीत होती. मीच रात्री भोकं साफ करायला घेतली होती आणि विसरलो होतो. काखेत कळसा म्हणतात, पण ज्याच्या काखेत तो असतो त्यानं दुसऱ्याला विसराळू म्हणू नये, एवढं त्या म्हणीत घालायचं राहून गेलंय.

तुम्हाला आठवतं, मी मुलगी बघायला तुमच्याकडे आलो होतो आणि निघताना 'जातो' म्हणालो होतो? तुम्ही मला फाटकातून परत बोलावलंत, खुर्चीत बसवलंत, पुन्हा पाणी दिलंत, आणि 'येतो' म्हणवून घेऊन मग सोडलंत. निघताना जातो म्हणू नये, जे जातात ते येत नाहीत, असं तुम्ही म्हणालात. ती पडद्याआड हसत होती. त्या घरात वाढलेल्या, आणि वर एकेका अक्षराची पारख असलेल्या बाईच्या तोंडून 'जाते' चुकून निघेल का? तिनं शब्द कधी वाया घालवला नाही. घराला जाते म्हणाली, घरी आली नाही. वाफ्याला येते म्हणाली, रोज येते. इतका सरळ हिशेब मला समजायला आठ महिने लागले.

मग मी ठरवलं की समोरासमोर कबूल करायचं. तीन वाक्यं पाठ केली. चाळणी माझ्याकडेच होती. तू विसरली नव्हतीस. घरी ये. गेल्या शुक्रवारी सकाळी सहाला बागेत जाऊन मी पंचांच्या खुर्चीवर चढून बसलो. (उतरता येईल की नाही याचा विचार चढल्यावर केला.) दाट धुकं होतं. वाफे दिसत नव्हते, नुसता ओल्या मातीचा वास. थोड्या वेळानं नळ सुटला. झारी भरतानाचा आवाज तुम्हाला माहीत आहे, आधी मोठा, मग बारीक होत जातो. मग चपला वाजल्या. डावी चप्पल जरा घासत. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. धुक्यातून झारी आली. झारीच्या मागे जे असायला हवं होतं ते धुक्यातच राहिलं. झारी वाकली, पाणी धबाधबा पडायला लागलं, आणि गाजरांच्या बुडाची माती उकरली जाताना मला दिसली. आणि अक्का, तीन वाक्यं पाठ असलेला मी, खिशात चाळणी असलेला मी, काय म्हणालो माहीत आहे? "अगं हळू! मुळं उघडी पडतायत!"

पाणी थांबलं. झारी खाली टेकली, हलकेच, तोटी उगवतीकडे करून. मग धुकं विरलं आणि तिथं कोणी नव्हतं. मला खुर्चीवरून बेकरीवाल्यानं उतरवलं. तेव्हा मी रडत होतो, ते लपवत नाही.

तेव्हापासून सहा दिवस सकाळी सातवा बिल्ला तपकिरीच असतो. हातमोजे कोरडे आहेत. मीटर रात्रभर ठप्प. हेडबाईंनी हजेरीत तांबड्यानं 'गैरहजर' लिहिलं आणि माझ्याकडे तिच्या रजेचा अर्ज मागितला. त्याच दिवशी मी चाळणी झारीला बसवली. आता चाळणी आहे, झारी आहे, नळाला पाणी आहे. सात नंबरला मी पाणी घालतो, चारच झाऱ्या. गाजरं जगतील असं म्हणतात. मला ती जगल्याचं तेवढं काही वाटत नाही, हे फूड बँकेला कळवू नये.

असो. गुडघ्याला शेक देत जा आणि जिने चढू नका. (चढालच.) साडूंना नमस्कार.

तुमचा मेहुणा,
वाफा नं. ७ (हंगामी)

ता. क. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. पत्रास कारण आहे. त्या दिवशी बागेतून निघण्याआधी तिनं तुम्हाला फोन केला होता, सात मिनिटांचा. आठ महिने तुम्हाला विचारायचा धीर झाला नाही. चाळणीचं तुमच्यापाशी काही बोलली का, ते मी विचारत नाही. बोलली असेल. एवढंच सांगा की फोन ठेवताना शेवटी काय म्हणाली? 'ठेवते' म्हणाली, की 'येते' म्हणाली? 'येते' म्हणाली असेल तर आता ती तुमच्याकडे यायची शक्यता आहे. घाबरू नका. चमचे एका दिशेला लागलेले दिसले तर हलवू नका, आणि मोठ्यानं सांगा, चाळणी त्याच्याकडेच होती. मी सांगायला जातो तेव्हा भलतंच बोलून बसतो.

आणखी ता. क. पत्र काल संध्याकाळी लिहून झालं, पण पाकीट नव्हतं म्हणून टेबलावर उघडंच राहिलं. आज सकाळी घडी घालायला घेतलं तर समासात लाल खुणा. तुम्हालाही दिसल्या असतीलच. त्या माझ्या नाहीत. 'चाळणी', 'पाणी', 'आणि', एकूण एक चुकलेला 'न' पुसून 'ण' केलेला आहे. तिची लाल पेन्सिल डब्यात होती तिथंच आहे, फक्त तिला नवीन टोक आहे, आणि डब्यातली बाकीची पेनं उगवतीकडे तोंड करून पडली आहेत. सगळ्या खुणा शुद्धलेखनाच्याच आहेत. एकच सोडून. जिथं मी 'बरं. जाते मी.' असं लिहिलंय, तिथं चूक काहीच नाही. तरी तिनं 'जा' भोवती गोल केलाय आणि समासात 'ये' लिहिलंय. तुम्ही तिचं अक्षर लहानपणापासून ओळखता, म्हणून पत्र नवीन न उतरवता तेच पाठवतो. नीट बघा आणि कळवा. ती तेव्हाच 'येते' म्हणाली होती आणि पेपराच्या नादात मी नीट ऐकलं नाही, की आता म्हणते आहे, एवढंच मला कळत नाही. तोवर दाराला कडी लावत नाही, नुसतं लोटून ठेवतो.